गाडीचं नाक कोणी मोडलं?

१

जमादार उत्तरेश्वरांनी ताडपत्री उचलली आणि माझ्या तोंडून शिवी गेली. खोटं कशाला सांगू? सकाळचे आठ वाजलेले, अंगणात निम्मी गल्ली जमलेली, शेजारी आण्णा, म्हणजे माझे वडील त्रिंबक, उभे. तरी गेली.

माझ्या गाडीचं नाक मोडलं होतं. पुढच्या बंपरचा डावा कोपरा, तळहाताएवढा, जागेवर नव्हता. काल संध्याकाळी मी स्वतःच्या हातानं ताडपत्री टाकली तेव्हा तो होता.

जमादारांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत एक लाल तुकडा होता. त्यांनी खाली बसून तो मोडलेल्या जागेला लावून बघितला. अगदी बरोबर बसला.

"काल पाचच्या सुमाराला तेलगाव रोडला छबुबाईला कुनीतरी उडवलं," ते म्हणाले. "कंबरेचं हाड मोडलंय म्हातारीचं. रात्री रस्त्याकडंच्या चरात पडलेली घावली. हा तुकडा तितं गवताच्या भाऱ्यापाशी घावला. वर रक्ताचा डाग हाय. आता काय म्हनतीस, करिष्मा?"

छबुमावशी आमच्या टोळीतली. मी कारखान्यावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत जन्मले, ऊस तोडायला गेलेल्या माणसांत, तेव्हा माझी नाळ तिनं कापली होती. अन् मी तिला उडवून रस्त्यात टाकून येईन?

"मी न्हाई केलेलं."

"आदिनाथनं बघितलंय. लाल, बसकी गाडी सुसाट गेली म्हनतो. तुकडाबी आज उजाडता त्यानंच दाखवला."

आदिनाथ म्हणजे सुंदररावांचा मुलगा. आणि सुंदरराव म्हणजे गावातली निम्मी काळी जमीन, ऊसतोडीच्या टोळ्यांची मुकादमी आणि झाडून सगळी पदं ज्यांच्या घरात, ते. नाव काढायला अन् ते यायला एकच गाठ पडली. मोठ्या मायेनं बोलले.

"त्रिंबका, पोरीची चूक झाली. गावातलं गावात मिटवू. छबुच्या पाया पडू दे तिला, अन् ही गाडी जिकडून आनली तिकडं नेऊन इकू दे. जमादाराला मी सांगतो."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. "मिटवून टाक, बाई," एवढंच म्हणाले.

काल पाच वाजता गाडीत माझ्याच शेजारी बसलेला माणूस हे म्हणत होता; जमादारांच्या पिशवीपेक्षा ते मला जास्त लागलं. माझं डोकंच फिरलं.

"केलं न्हाई ते कबूल कावून करू मी? गाडी बी इकनार न्हाई अन् पाया बी पडनार न्हाई. अटक करायची तर करा!"

जमादारांनी कपाळावरचा घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, कंटाळलेला होता. "गाडी ठान्यात लाव. पाच वाजेपस्तोर काय हुडकायचं ते हुडक. त्याच्यानंतर मला लिहावंच लागंल."

२

गाडीचं आधी सांगते, म्हणजे गावाच्या पोटात कावून दुखत होतं ते कळेल.

तेलगावला माझं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. सात वर्षं दुसऱ्यांचे ट्रक, ट्रॅक्टर ठोकून सरळ केले आणि रंगवले. मग पुण्यातल्या एका डॉक्टरांची अकरा वर्षं वापरलेली गाडी घेतली. दोनच सीट, छप्पर मागं घडी होतं, जमिनीला टेकलेली, लालभडक. डॉक्टर चांगले होते, टेप मात्र काढून घेतला. तिथं नुसतं भोक. किल्ली देताना म्हणाले, "ताई, ही तुमच्या रस्त्यांवर चालायची नाही बरं का."

"चालवनारी मी आहे," म्हटलं, "रस्त्याचं मी बघते."

आण्णा शेजारी बसले, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कागदांची फाइल छातीशी धरून. पहाटेच पुणं सोडलं. नगर मागं पडेपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. मग प्रत्येक गतिरोधकाला बोलायला लागले. गाडीचं पोट घासायचं, म्हणून आण्णा खाली उतरायचे, वाकून बघायचे आणि हात करायचे. "तिरपी घे! आजून तिरपी! हां, ये आता!" मागून ट्रकवाले भोंगे वाजवायचे. आण्णा त्यांच्यावर ओरडायचे, "थांब की, तुला काय मरायची घाई हाय?" जन्मभर मुकादमापुढं मान वर न केलेला माणूस ट्रकवाल्यांना दम देत होता. मला लई मजा आली.

नेकनूरला चहाला थांबलो तर गाडीभोवती गर्दी. एकानं मला विचारलं, "मालक कुठं गेलेत?"

"मालक च्या पितीय," मी म्हटलं अन् बशी तोंडाला लावली.

हॉटेलवाला हौशी होता. नारळ घेऊन आला, इथंच फोडू म्हणाला. आण्णांनी हात आडवा केला. "न्हाई. गाडीला पहिलं बोट माझ्या बहिनीचं लागंल."

केजच्या पुढं रस्ता मोकळा मिळाला. धारूरचा घाट उतरताना छप्पर उघडं होतं, वारं कानात शिरत होतं, अन् आण्णा हसत होते. तोंडात दात कमी, पण पूर्ण तोंड उघडून. तेवढ्यासाठी मी सात वर्षं पत्रे ठोकले असं समजा. तेलगाव ओलांडून दिंद्रुडला दारात आलो तेव्हा सहाला दहा कमी होते.

भिवराबाई, माझी आत्या, ओली हळद घेऊन तयारच होती. गाडी इतकी बसकी की आत्या मातीत मांडी घालून बसली. पोळ्याला बैलाच्या पाठीवर उमटवते तशी हळदीची पाच बोटं तिनं गाडीच्या नाकावर डाव्या अंगाला उमटवली, वर कुंकू लावलं. "पुसायचं न्हाई बरं का. आपसूक जाईल तवा जाईल." तीसेक माणसं बघत होती, पण सुंदररावांच्या घराविरुद्ध साक्ष द्यायला त्यातलं कोण येणार?

मग बघ्यांची रांग लागली. त्यातले तिघं मला नीट आठवतात. सुग्रीव, तेलगावचा दुसरा गॅरेजवाला, माझ्यामुळं ज्याची गिऱ्हाइकं तुटली. बोटाच्या नखानं रंग खरवडून म्हणाला, "ठिगळं लावलेली दिसतीय." आदिनाथ न विचारता सीटवर बसला, स्टिअरिंग फिरवलं आणि म्हणाला, "पोरीच्या जातीला कशाला पायजे असली गाडी?" आणि हनुमान, आत्याचा मुलगा. तो सुंदररावांचा ट्रॅक्टर चालवतो, शेजारच्याच खोलीत राहतो. त्याला म्हटलं बस, चक्कर मारू. "आज नगं, ताई," म्हणाला. मी पेढा दिला तर हातातच धरून उभा राहिला.

तिघांपैकी कुणीतरी पहाटेच्या आत ताडपत्रीखाली हात घातला होता.

३

छबुमावशी माजलगावच्या दवाखान्यात होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं.

"मावशे, मी न्हाई ग."

"लाल होतं," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "समद्यांनी इचारलं, मी लाल म्हनले. मंग ते म्हनले, तुज्या करिष्माची गाडी. मी काय करू?"

मी रडले नाही, कारण मला राग आला होता आणि मला राग आला की डोळे कोरडे पडतात. बाजूला बसले. विचारलं, "कुठं लागलं पहिल्यांदा?"

तिनं नर्सला सांगून पदर बाजूला घेतला. उजव्या खांद्याच्या खाली, पाठीवर, आडवा काळानिळा पट्टा. "हितं. मागून दनका बसला आन् मी कंबरेवर आपटले. गवत डोक्यावर हुतं, वळून बघता आलं न्हाई. नुसतं कडंला लाल दिसलं."

"अन् पाय? गुडघे? पोटऱ्या?"

"पायाला काय बी न्हाई."

मी उठून तिच्या शेजारी उभी राहिले. माझ्या गाडीचं नाक माझ्या गुडघ्याला लागतं. मावशी माझ्याहून दोन बोटं बुटकी. ती गाडी तिला मागून धडकली तर पोटऱ्या फुटतील, माणूस बॉनेटवर पडेल. खांद्याच्या खाली मार द्यायला तिला उडी मारावी लागली असती!

"आवाज कसला आला, मावशे?"

"गानं, बाई. कान फुटतील असलं गानं. म्हनून तर गाडीचा आवाज आला न्हाई."

माझ्या गाडीत टेपच्या जागी भोक आहे. आणि गावात असलं गाणं वाजवत फिरणारं लाल वाहन एकच होतं. सुंदररावांचा ट्रॅक्टर, ज्याच्यावर आदिनाथनं दोन मोठे स्पीकर अन् पुढं छातीएवढं उंच लोखंडी बंपर बसवलं होतं.

मी धावत खाली आले अन् जमादारांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "समदं खरं असंल. पन तुझ्या गाडीचा तुकडा तितं कसा गेला, ते सांग. चालत गेला का?"

मी फोन ठेवला अन् ठाण्याची वाट धरली. घड्याळात साडेतीन झाले होते.

४

ठाण्याच्या आवारात माझी गाडी निंबाखाली उभी होती. जमादारांनी सगळ्यांना बोलावलं होतं. आदिनाथ बाकावर पाय पसरून मोबाइल बघत होता. सुग्रीव उभा. सुंदरराव खुर्चीत. आण्णा जमिनीवर. मी म्हटलं, "आण्णा, वर बसा की." ते म्हणाले, "बरंय हितं."

"तुकडा बघू द्या," मी म्हटलं.

जमादारांनी पिशवी टेबलावर ठेवली. सकाळी रागात मी डाग बघितलाच नव्हता. आता वाकून बघितला. लालसर, वाळलेला. दुसऱ्या दिवसापर्यंत रक्त काळं पडतं. हे लालच होतं. आणि काठाला एक बारीक पिवळी रेघ.

"जमादार, चुना आहे का तुमच्याकडं? तंबाखूतला?"

"आता तुला तंबाखू खायचीय?"

"द्या तर."

त्यांनी डबी पुढं केली. मी म्हटलं, तुमच्याच हातानं करा, उगं माझ्यावर नाव नको. त्यांनी पिवळ्या काठाचा नखाएवढा कण पांढऱ्या कागदावर खरवडून घेतला अन् बोटाला चुना लावून त्याच्यावर टेकवला. कागदावर पिवळं होतं ते बघता बघता लाल झालं.

"हळद!" जमादार म्हणाले. घरात हळद-चुन्याचा लेप कुणी बघितलेला नाही?

"हळदच. वर कुंकू. हे रक्त नव्हं, माझ्या गाडीची पूजा आहे. अन् पूजा झाली सहा वाजता. पाच वाजता तुटून तेलगाव रोडला पडलेल्या तुकड्याला सहाची हळद कशी लागंल?"

सुंदरराव खुर्चीत सावरून बसले. "पुन्यातच पूजा केली असंल. दुकानदार करून देतात."

"आत्याला बोलवा," मी म्हटलं.

हनुमान आत्याला मोटारसायकलवर घेऊन आला. आत्या गाडीपुढं मांडी घालून बसली. जमादारांनी तुकडा त्याच्या जागेवर धरला. गाडीवर तीन बोटांचे ठसे होते, दोन तुकड्यावर. मी आत्याला म्हटलं, हात ठेव.

आत्याची करंगळी अर्धीच आहे. चौदा वर्षांपूर्वी उसाच्या फडात कोयता बसला. तुकड्यावरचा शेवटचा ठसा अर्धाच होता, मी सकाळपासून तो नीट बघितला नव्हता. तिनं हात टेकवला अन् पाचही बोटं आपापल्या जागी बसली. जमादारांनी टोपी काढून हातात घेतली.

"म्हातारे, तू कधी पुन्याला गेलीस?"

"मी बीडच्या फुडं गेले न्हाई, बाबा. कारखाना सोडून."

आण्णा जमिनीवरून उठून उभे राहिले.

५

इथं मी थांबायला पाहिजे होतं. सुटले होते मी. पण माझं तोंड मला कधी आवरलंय?

"तुकडा रात्रीतून तोडला अन् नेऊन टाकला," मी म्हटलं. "तोडणाऱ्याला एकच काम राहिलं होतं. हळद-कुंकू पुसायचं. कपड्यानं पुसलं असतं तर आज मी आत असते. का पुसलं नाही?"

सुग्रीवकडं बघितलं. "हा रंगारी. कुठल्याही पत्र्याला हात लावायच्या आधी पुसून घेतो, सवयच आहे आमची. हा असता तर डाग राहिलाच नसता. आदिनाथ असता तर त्यानं पँटीला पुसून टाकला असता. हळदीचं त्याला काय? ज्यानं तोडला त्याला दिसत होतं, तरी पुसवलं नाही. बाईच्या हातचं कुंकू पुसायला त्याचा हात धजला नाही. त्यात हा हात तर..."

तेव्हा मला कळलं मी काय बोलतेय. अर्धी करंगळी. स्वतःच्या आईच्या हातचं कुंकू. मी गप्प झाले, पण उशीर झाला होता. माझी नजर जिथं होती तिथंच सगळे बघत होते, आणि ती हनुमानवर होती.

तो मटकन खाली बसला.

"ताई, मी ट्रॅक्टरवर नुसता बसलो होतो. मडगार्डवर. चालवत हे होते." त्यानं आदिनाथकडं बोट केलं. "एका हातानं मोबाइल धरून शूटिंग करत होते. मावशी दिसलीच न्हाई त्यांना."

"गप बे!" आदिनाथ उठला. "तोंड फोडीन."

"फोडा. हेच मला म्हनले, एकतर तू चालवत होतास म्हनून सांग, न्हाईतर तुझ्या बहिनीच्या गाडीवर घाल. ती पैसेवाली झालीय, सुटंल कशीबी. पुसून टाक म्हनले होते. मी फडकं घेतलं, पन आईचा हात दिसला. पुसू वाटंना."

सुग्रीव घाबरून स्वतःच बोलला. "जमादार साहेब, आज सकाळी सातला ट्रॅक्टरचं पुढचं बंपर माझ्याकडं रंगवायला आनलं होतं. डाव्या टोकाला पोचा होता. मला काय ठाऊक? मी रंग मारला." जमादारांनी शिपायाला ट्रॅक्टर आणायला पाठवलं.

मग सुंदरराव उठले. आवाजात माया तीच, फक्त आता आण्णांच्या खांद्यावर हात होता.

"त्रिंबका, झालं ते झालं. छबुचा दवाखाना मी करतो. करिष्मावरचा आळ गेला, गाडी राहू दे तिची. इथंच थांबव. न्हाई तर तुझ्या भाच्याचं काय व्हतंय बघ. पुरावा त्यानं हलवलाय. तोबी आत जाईल. बहिनीच्या पोराला तुरुंगात घालशील?"

मी तोंड उघडलं. आण्णांनी हातानं मला गप्प केलं. सकाळी मिटवून टाक म्हणणारे आण्णा हेच. त्यांनी आत्याकडं बघितलं. मुलगा तिचा होता, बोलायचं तिनं.

आत्या अजून गाडीपुढंच बसली होती. उठायला तिला वेळ लागला. मी हात दिला तर तिनं तो झटकला, आणि तिचं बरोबरच होतं. ती हनुमानपाशी गेली, त्याच्या कानशिलात एक वाजवली, जोरात, आणि मग जमादारांच्या टेबलापाशी आली.

"लिव्हा," ती म्हणाली. "माझ्या पोराचं नाव पयलं लिव्हा. हनुमान. त्यानं बहिनीच्या दारात चोरी केली. पन त्याच्या खाली ह्यांच्या आदिनाथचं लिव्हा, अन् माझ्या पोराच्या नावाएवढंच मोठं लिव्हा. म्हातारीला रस्त्यात टाकून जानारा तो हाय. माझं पोरगं आत जाईल तर हे बी जाईल. एकटं न्हाई जानार."

सुंदररावांनी आण्णांकडं बघितलं. "त्रिंबका, आयकतोस का ही काय बोलतीय?"

"आयकतो की," आण्णा म्हणाले. "आमी दोगं बी सांगतो. माझं बी नाव घाला साक्षीदारात, जमादार. तुमाला वाटंल ते करा, सुंदरराव. ऊस तोडायला लातूरकडं जाऊ, कर्नाटकात जाऊ. लई कारखाने हायेत."

मग ते सुंदररावांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि जबाब लिहून होईपर्यंत उठले नाहीत.

गाडी पुरावा म्हणून ठाण्यातच ठेवावी लागली. आम्ही तिघं बसनं घरी आलो. आत्या खिडकीशी बसून रस्ताभर मोठमोठ्यानं रडली, लाजली नाही. मी तिचा हात धरला. ह्या वेळी तिनं काढून घेतला नाही, पण माझ्याकडं बघितलंही नाही. तिच्याशी माझं नीट बोलणं पुढं दोन महिने झालं नाही.

स्टँडवर उतरलो तर पारावरची मंडळी बसलेलीच होती. एकानं आवाज दिला, "काय करिष्मा, बसनं? कालची गाडी कुठं गेली?"

मी तोंड उघडायच्या आत आण्णा थांबले.

"ठान्यात हाय," ते म्हणाले. "मोडलेलं नाक नीट करून आनायचीय. तुमाला बसायचं आसंल तर सांगा, पन एका टायमाला एकच बसतंय."